हिरवा दिवा

आमच्या न्हावऱ्यात शेजारच्या रानातले आप्पा हाती येईल ते छापील वाचून काढतात. वड्याखालचा कागद, खताची गोणी, गोळीचं वेष्टनसुद्धा. वाचून झालं की कागदाची घडी खिशात. त्यांच्याशी वाद घालायची सोय नाही, कारण प्रत्येक वादाचा शेवट ठरलेला: "छापलंय न्हवं?"

परवा त्यांनी विहिरीवरच्या मोटरीला नवा स्टार्टर बसवला. सोबतच्या पुस्तकात लिहिलं होतं, हिरवा दिवा लागल्यावरच बटण दाबा. पेटीवर लागला पिवळा. आप्पा पेटीलाच शिव्या घालत बसले. ऊस सुकत होता आणि लाईट दुपारी जाणार होती. शेवटी मीच शिरूरच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "पुस्तक दुसऱ्या मॉडेलचं आलंय. पिवळ्यावर दाबलं तरी चालतंय."

"त्ये कुठं छापलंय?" आप्पा म्हणाले.

मी वैतागून बटणाकडे हात नेला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. खिसा चाचपून गोळीचा हिरवा, आरपार दिसणारा कागद काढला आणि वायरच्या टेपनं दिव्यावर चिकटवला. दिवा हिरवा झाला. मग तेवढी ओळ पुन्हा मोठ्यानं वाचून त्यांनी बटण दाबलं. पाटाला पाणी आलं.

मला हायसं वाटलं. आप्पा मात्र पुस्तकाचं मुखपृष्ठ निरखत होते. चित्रात मोटरीमागं गहू डोलत होता.

"औंदाचा ऊस गेला की गहूच करावा म्हंतो."

मी त्यांच्या चेहऱ्यावर हसू शोधलं. ते चष्मा वर सारून चित्रातलं रान आपल्या रानाशी ताडून बघत होते.