खाणीतल्या नऊ वर्षांचा पुरावा

बबनराव गेले त्याला अडीच वर्षं होऊन गेली होती, तरी मैनाबाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मुकुटबनजवळच्या घरात त्या सकाळी चहा ठेवायच्या आणि तो उकळायच्या आत अंगणात यायच्या, परत आत जायच्या. वावरात गेल्या तर कपाशीची चार झाडं निंदून होत नाहीत तोच विळा टाकून उठायच्या. शेजारणी म्हणायच्या, माणूस गेला की असं होतंच. पण मैनाबाईंना ठाऊक होतं, हे नुसतं दुःख नव्हे. त्यांच्या डोक्यात एक प्रश्न घुसून बसला होता.

तो प्रश्न नागपूरच्या डॉक्टरांनी विचारला होता. त्याआधी बबनरावांना दोनदा टीबीची औषधं झाली होती आणि दोन्ही वेळा दम वाढतच गेला होता. शेवटी नागपुरात छातीतला तुकडा काढून तपासला. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि विचारलं, "यांनी कधी अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलंय का?"

"ते काय असते जी?" बबनराव म्हणाले.

"एक दगड असतो. फोडला की आतून तंतू निघतात, कापसासारखे."

नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. मग बबनराव हळूहळू खाणीचं सांगू लागले.

लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. पावसानं दडी मारली, पेरणी वाया गेली, आणि एक ठेकेदार या भागातली तीस माणसं घेऊन दक्षिणेत आंध्रातल्या खाणीवर गेला. पुरुष खाली दगड काढायचे. बाया वर बसून तो हातोडीनं ठेचायच्या, पांढरे धागे सोडवायच्या आणि पोत्यात भरायच्या. कापूस वेचलेल्या हातांना ते काम सोपं गेलं. सांजेला बायांचे केस पांढरे झालेले असत आणि त्या एकमेकींना म्हातारी म्हणून हसत. नऊ वर्षं मैनाबाई तिथं हसल्या होत्या. मग खाणीनं माणसं कमी केली, सगळे गावी परतले, बबनराव आपल्या चार एकरांत रमले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्या गोष्टीला तीस वर्षं होत आली होती.

"हा फुप्फुसाच्या अस्तराचा कॅन्सर, दिसायला एवढी वर्षं लागतातच," डॉक्टर म्हणाले होते. दोन महिन्यांत बबनराव गेले.

गावात ज्याला विचारलं त्यानं हात झटकले. "आता कोणाले धरतं? ठेकेदार मेला, खाण बंद पडली." मैनाबाईंनी मान हलवली, घरी आल्या, आणि रात्री पुन्हा उठून बसल्या.

वाट दाखवली ती मुलीनं. कुंदा दारव्ह्याला दिलेली. तिथल्या तालुका कोर्टात कायदेविषयक शिबिर होतं, त्यात यवतमाळच्या एक वकीलबाई कामगारांच्या कायद्यावर बोलल्या. कुंदानं त्यांचा नंबर घेतला आणि त्याच संध्याकाळी आईला फोन केला. "आई, तू ये. आपुन दोघी जाऊ."

मुकुटबनहून वणी आणि वणीहून यवतमाळ. एसटीत मैनाबाईंनी तीनदा जागा बदलली.

त्या वकीलबाई, भैरवी वैद्य, पस्तिशीच्या होत्या. त्यांचे वडील यवतमाळच्या कचेरीतून निवृत्त झालेले, घराच्या पुढच्या खोलीत भैरवींचं ऑफिस. त्यांनी डॉक्टरांचे कागद शांतपणे वाचले.

"मावशी, खाण बंद असली तरी मालक कंपनी आहे. ठेकेदारानं नेलं असलं तरी जबाबदारी मूळ मालकावर येते. कामातून लागलेल्या रोगानं माणूस गेला, तर बायकोला भरपाई मागता येते. आणि त्यासाठी आंध्रात जायला नको. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, इथंच अर्ज करता येतो."

"मंग अडचण काय?"

"दोन अडचणी आहेत. मृत्यूनंतर दोन वर्षांत अर्ज करायचा असतो, आपण ते ओलांडलं. कारण पटलं तर कोर्ट उशीर माफ करतं, त्यासाठी भांडू. दुसरी मोठी आहे. काका त्या खाणीत होते याचा कागद?"

मैनाबाईंकडे कागद नव्हता. हजेरी ठेकेदाराच्या वहीत असायची.

"हायकोर्टात सगळ्या कामगारांसाठी मिळूनही जाता येईल," भैरवी म्हणाल्या, "पण त्याला फार वर्षं लागतील. आधी हा अर्ज करू." मग त्यांनी कागद बाजूला ठेवले. "तुम्ही स्वतः किती वर्षं होता तिथं?"

"नऊ."

"एक्स-रे काढलाय कधी?"

मैनाबाई उठल्याच. "मी त्यायच्यासाठी आली, बाई. माह्यासाठी नाई."

परतीच्या वाटेवर त्यांनी कुंदाला तो विषय काढू दिला नाही. पण त्या दिवसापासून हापशावरून हंडा आणताना त्या स्वतःचे श्वास मोजू लागल्या.

कागदाचा शोध सुरू झाला. तांड्यावरचा पूनमसिंग त्यांच्याबरोबर खाणीत होता, तो साक्षीला तयार होता. "भौजी, मी सांगतो ना कोर्टात, बबनराव आन् मी एकाच खड्ड्यात उतरत होतो." पण भैरवींना नुसत्या तोंडी साक्षीचा भरवसा नव्हता. मैनाबाईंनी पेट्या उपसल्या, फळीवरचे जुने कागद खाली काढले, ठेकेदाराच्या घरी दोन चकरा मारल्या. काही सापडलं नाही.

एका दुपारी कुंदाचा फोन आला. "आई, माहा जन्म कुठचा?"

"खाणीवरचा. काहून?"

"माह्या जन्माचा दाखला तेलुगूत हाये. शाळेत घालताना मास्तर त्यावरूनच भांडले होते ना?"

दाखला कुंदाच्याच पत्र्याच्या पेटीत निघाला. आदिलाबादकडच्या एका शिक्षकानं तो वाचून मराठीत लिहून दिला. बापाचं नाव बबनराव, धंदा खाणमजूर, आणि पत्त्यात खाणीचं नाव.

अर्ज दाखल झाला, कंपनीला नोटीस गेली. महिनाभरानं एक गाडी मैनाबाईंच्या दारात उभी राहिली. कंपनीचा, चांगल्या कपड्यांतला, मृदू बोलणारा माणूस उतरला. त्यानं बबनरावांच्या फोटोला हात जोडले, मग पिशवीतून इंग्रजी कागद काढला.

"साहेबांना वाईट वाटलं. कोर्टात पाच-दहा वर्षं जातील तुमची. इथं सही करा, पैसे आठवड्यात खात्यात."

"काय लिवलं यात?"

"मदत म्हणून देतोय, एवढंच."

"सारं वाचा."

त्याला वाचावं लागलं. मृत्यूचा खाणीच्या कामाशी संबंध नाही, ही रक्कम माणुसकी म्हणून. मैनाबाईंच्या हातात पेन होतं. मागच्या खोलीचं छप्पर गळत होतं, कुंदाच्या पोरीचं कॉलेज होतं. त्या उठल्या, अंगणात गेल्या, भैरवींना फोन लावला.

"मृत्यूची भरपाई कोर्टातच भरावी लागते, मावशी. परस्पर दिलेले पैसे कायदा भरपाई म्हणून धरत नाही. बाकी सही करायची की नाही, ते तुम्ही ठरवा."

मैनाबाई आत आल्या आणि पेन परत दिलं. "ते कायनं मेले, ते तुमी खरं लिवून आना. मंग करीन सही."

गाडी गेली. आपण चूक तर केली नाही? हा विचार पुढचे कित्येक दिवस त्यांना बसू देईना.

जबाबाच्या दिवशी कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "तुमचे यजमान बिड्या ओढायचे ना? शेतात फवारणी करायचे? खाण सोडून तीस वर्षं झाली होती ना?"

"हाव," मैनाबाई तिन्ही प्रश्नांना म्हणाल्या.

मग भैरवी उभ्या राहिल्या. अशा कामगारांच्या तब्येतीची नोंद चाळीस वर्षं ठेवावी, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. कंपनीनं बबनरावांची नोंद दाखवावी, एवढंच त्यांनी मागितलं. कंपनीच्या वकिलांनी फाईल चाळली आणि नोंद उपलब्ध नसल्याचं सांगितलं. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. नंतर त्यांनी मैनाबाईंना विचारलं, "तिथं काम नेमकं कसं चालायचं?"

मैनाबाईंनी साक्षीच्या पिंजऱ्यातच हात उचलले. अशी हातोडी, असा दगड, असा ठोका, आणि हे असे धागे वढायचे. हातांना सगळं आठवत होतं. "धुरळा निघे साहेब, पांढरा. तोंडात, नाकात..." आणि तिथं त्यांना ठसका लागला. तो थांबेना. शिपायानं पाणी आणलं, न्यायाधीशांनी खुर्ची द्यायला सांगितली. बसल्यावरही मैनाबाईंचे खांदे वरखाली होत राहिले. समोर कुंदा तोंडाला पदर लावून उभी होती.

बाहेर आल्यावर मैनाबाईच म्हणाल्या, "चाला. काढू तो एक्स-रे."

फुप्फुसाच्या अस्तरावर जाड डाग निघाले. कॅन्सर नाही, डॉक्टर म्हणाले, पण धूळ आत आहे. दरवर्षी तपासावं लागेल. मैनाबाईंनी फिल्म उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

निकालाला आणखी सात महिने लागले. उशीर माफ झाला, आणि बबनरावांचा मृत्यू खाणीतल्या धुळीनं झाला असं कोर्टानं लिहिलं. कंपनी नागपूरला अपिलात गेली, पण त्याआधी तिला पूर्ण रक्कम कोर्टात भरावी लागली. भैरवींनी निकालातली ती धुळीची ओळ दोनदा वाचून दाखवली. मैनाबाई रडल्या, डोळे पुसले, आणि लगेच विचारलं, "बाकीच्यायचं काय?"

तीस माणसांपैकी आता सात उरली होती. पूनमसिंगच्या फटफटीवर मागं बसून मैनाबाई एकेका घरी जाऊ लागल्या. विजयमालाबाई तर त्यांच्या शेजारी बसून दगड ठेचणाऱ्या. त्या तुरीच्या शेंगा सोलत ओट्यावर बसल्या होत्या आणि काही केल्या ऐकत नव्हत्या.

"मले काई झालं नाई, मैना. कायले उगाच दवाखाना?"

"मलेही काई झालं नव्हतं. पिशवी भर. उद्या सकाळच्या गाडीनं निंगू."

"उद्या नाई जमत."

"मंग परवा," मैनाबाई म्हणाल्या, आणि बसल्या बसल्या त्यांच्या टोपलीतल्या शेंगा सोलू लागल्या.