टॅग बंद होईपर्यंत

बडोदे स्टेशनवर गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीचा गज धरून थोडं सोबत चालले. शेजारचे काका-काकी "आवजो, आवजो" करत हात हलवत होते. आई मात्र पाठ फिरवून उभी होती, डोळ्यांतलं पाणी लेकीला दिसू नये म्हणून. मला ते दिसलंच. मांडीवर लिल्या चिवड्याची, आमच्या बडोद्याच्या त्या ओलसर बटाट्याच्या चिवड्याची, पिशवी होती. बंगलोरपर्यंत पुरवायचा तो चिवडा मी सुरत यायच्या आत संपवला. रडताना भूक फार लागते, हे घर सोडून निघालेल्या सगळ्यांना ठाऊक असेल.

नव्या शतकाची सुरुवात होती. निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीतली कॉम्प्युटर शिकलेली पोरं एकामागून एक उडत होती, त्यांत मीही उडाले. बंगलोरला पहिलंच काम मिळालं ते एका परदेशी कारखान्याच्या सुट्या भागांच्या यादीची एक्सएमएल फाइल जावा भाषेतल्या प्रोग्रॅमने वाचायचं. अशा फाइलीत प्रत्येक मजकुराच्या आधी एक उघडणारी आणि नंतर एक बंद करणारी खूण असते, तिला टॅग म्हणतात. फाइल अशी अगडबंब, की अख्खी मेमरीत घ्यायला गेलं की मशीन मान टाकायचं. म्हणून स्ट्रीमिंग पार्सर वापरायचा. तो वरून खाली वाचत जातो. हा टॅग उघडला, हा मजकूर आला, हा टॅग बंद झाला, एवढं सांगतो आणि पुढे जातो. मागचं काही जवळ ठेवत नाही. हवं ते आपणच धरून ठेवायचं. माझ्या प्रोग्रॅममधून मात्र अधूनमधून भागांची नावं डोकं उडालेली बाहेर पडत. 'बेअरिंग'चं नुसतं 'रिंग'. प्रोबेशन चालू होतं. हे जमलं नाही तर घरी पाठवतील अशी धास्ती होती. आणि खरं सांगू? पाठवलं तर बरं, असंही वाटे.

दर रविवारी मी एसटीडी बूथवरून घरी फोन करी. आईला कुठलीही गोष्ट एका दमात सांगता येत नाही. मध्येच कामवाली येते, मध्येच कुणाचं लग्न आठवतं. त्या रविवारी ती म्हणाली, "अगं, बाबांच्या ओळखीचे ते काका, इथेच गोरव्यात कारखाना आहे बघ त्यांचा, त्यांना कॉम्प्युटर सांभाळणारं माणूस हवंय. तुझ्यासाठी विचारत होते. थांब हं, दूध उतू जातंय..."

मीटर पळत होतं. मला हवं ते ऐकून झालं होतं. मी फोन ठेवला आणि घरी जायचं ठरलंच असं धरून आठवडा काढला.

त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या मीनाक्षीने माझा कोड पाहिला आणि ती हसायलाच लागली. पार्सर एका टॅगमधला मजकूर एकदम देईलच असं नाही, तुकड्यांनीही देतो. मी प्रत्येक तुकड्याला पूर्ण नाव समजून आधीचा पुसत होते. तुकडे जोडत राहायचे आणि टॅग बंद झाला की मगच नाव लिहायचं. तेवढं केलं आणि नावं धडधाकट बाहेर आली. साहेबांनी नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं. आता पळून जायला सबब उरली नव्हती.

तरी रविवारी मी आईला म्हणाले, "त्या काकांना हो सांग. मी येते."

"त्यांना मी केव्हाच ना पाडली, नाही येणार म्हणून सांगितलं," आई म्हणाली. "तेच मी सांगत होते गेल्या रविवारी, तर तू फोन ठेवलास." मग म्हणाली, "तू आलीस तर मला बरं वाटेल गं. तुला नाही वाटणार."

बूथमध्ये मी ढसाढसा रडले. रागाने की मायेने, ते आजही सांगता येत नाही.

आता माझी मुलं कन्नडात भांडतात आणि मराठीत जेवायला मागतात. मलाही बंगलोर आवडू लागलं, कधी ते कळलं नाही. बडोद्यात राहिलेले तुम्ही सोसायटीतले लोक विचारता, तुझं घर आता कुठलं? इथल्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पण मी परत यावं असं सगळ्यांत जास्त जिला वाटत होतं, तिने जिथे मला येऊ दिलं नाही, तेच माझं घर आहे.