पद्मजाने निवडलेलं रिव्हॉल्व्हर

कॅल्गरीतल्या फार्मसिस्ट पद्मजाला एवढंच हवं होतं: सकाळी सातला एकटीने दुकान उघडताना कोटाच्या खिशात एक रिव्हॉल्व्हर. हसू नका! दोन हजार आठच्या त्या हिवाळ्यात दोनदा चोरट्यांनी तिच्यासमोर चाकू धरून नशेसाठी वेदनाशामक गोळ्या लुटल्या होत्या. दुसऱ्यांदा तर तो मेला चोर जाताना तिच्या छातीवरचा बिल्ला वाचून म्हणाला, "सी यू, पद्मजा."

मग ती सीमेपलीकडे ह्यूस्टनला धाकट्या भावाकडे, अरविंदकडे गेली. त्याच्या ओळखीच्या बंदुकांच्या दुकानात तिने चिकाटीने निवड केली; विकत मात्र घरी परवाना काढूनच घ्यायचं होतं. पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचताना तिची बोटं हरली. मग हातात आलं पाच गोळ्यांचं, आखूड नळीचं ॲल्युमिनियमचं रिव्हॉल्व्हर. अर्धा किलोसुद्धा वजन नाही, आणि मागचा घोडा आत झाकलेला, म्हणजे खिशात अडकायला नको.

"हलकं आहे ना ताई, झटका जोरात बसेल," अरविंद म्हणाला.

"बसू दे रे!" कित्येक दिवसांनी तिच्या जिवाला जरा धीर आला होता.

कॅल्गरीत परतून तिने बंदुकीचा सेफ्टी कोर्स केला. शिकवणाऱ्याने सरळ सांगितलं, इतक्या आखूड नळीचं इथे मिळत नाही, आणि कोणतंही खिशात बाळगायची परवानगी लाखात एखाद्याला. पद्मजाला वाटलं, मग ती एक मीच की! नागपूरला तिच्या वकील वडिलांना धमक्या आल्या, तेव्हा त्यांनी पोलीस तक्रारींच्या नकला जोडून परवाना मिळवला होता. जितका जिवाला धोका, तितकं काम लवकर. तिनेही परवान्याच्या अर्जात कारण लिहिलं, स्वसंरक्षण. दोन्ही पोलीस रिपोर्ट जोडले.

चौकशीसाठी परवाना अधिकाऱ्याचा फोन आला तो तिच्या नवऱ्याला, नंदनला. तोही नागपूरचाच. बायकोचं काम व्हावं म्हणून बिचाऱ्याने मनापासून बाजू मांडली. शी कान्ट स्लीप, सर. भांडं पडलं तरी किंचाळते. परवा तर माझ्याच अंगावर सुरी घेऊन धावली, मी मागून आलो म्हणून. अहो, काय सांगत होता हा माणूस, आणि कुणाला!

नकाराचं पत्र आलं. अर्जदाराची मनःस्थिती शस्त्र देण्याजोगी नाही. सोबत समुपदेशनाचा नंबर.

"मी काही चुकीचं बोललो का गं?" नंदनचा चेहरा पडला होता.

"नाही रे, खरंच तर बोललास." चिडायचं तरी कुणावर? तिला नुसतं रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सातला तिने दुकान उघडलं. पाच मिनिटांत टोपी डोळ्यांवर ओढलेला एक माणूस आत आला आणि त्याने जॅकेटमध्ये हात घातला. घातला मात्र, पद्मजाने कपाट उघडून वेदनाशामक गोळ्यांच्या बाटल्या भराभर काउंटरवर मांडल्या आणि दोन्ही हात वर केले.

माणूस गोंधळून बघतच राहिला. त्याच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी होती.

"मॅम, आय जस्ट नीड इयर ड्रॉप्स," तो हळूच म्हणाला. "फॉर माय लिटल गर्ल."

पद्मजाला ऐकू आलं, समजलंसुद्धा. पण वर गेलेले हात काही केल्या खाली येईनात.