थंडी वाजवणारं इंजेक्शन

दादाचं इंजेक्शन मी बंद केलं, डॉक्टरांना न विचारता.

हिंगणघाटात माझं औषधांचं दुकान. नव्वदच्या दशकाच्या शेवटी थोरल्या भावाच्या लिव्हरमध्ये हिपॅटायटिस बीचा विषाणू ठाण मांडून असल्याचं कळलं. नागपूरच्या डॉक्टरांनी इंटरफेरॉन लिहून दिलं. आठवड्यातून तीनदा, सहा महिने. विषाणू शिरला की पेशी स्वतःच हा पदार्थ सोडतात आणि शेजारच्या पेशींना सावध करतात. दादाच्या अंगात तो कमी पडतो, म्हणून बाहेरून द्यायचा, असं त्यांनी समजावलं होतं.

सुई मीच टोचायचो. दोन-तीन तासांत दादाला हुडहुडी भरायची. भर मे महिन्यात वहिनी त्याच्यावर गोधड्या टाकायची.

“औषध देऊन राह्यला का मलेरिया?” दादा म्हणायचा.

दुसऱ्या महिन्यात त्याचे डोळे पिवळे झाले, रिपोर्टही बिघडला. वहिनी थेट दुकानात आली. “भाऊजी, चांगला माणूस बिमार करून टाकला तुमी. काऊन टोचता मंग?”

आमच्या धंद्यात एक सवय लागते. गिऱ्हाईक ‘रिअ‍ॅक्शन आली’ म्हणालं की आपण ‘बंद करा’ म्हणून मोकळे होतो. एसटीडी बूथ दुकानाला लागूनच होता. मी फोन लावला नाही. वहिनीला मात्र सांगितलं, “नागपूरले विचारलं. बंद करा म्हणले.”

तिनं दादाला काविळीची माळ घातली. महिन्याभरात डोळे निवळले. आम्ही नागपूरला परत गेलोच नाही.

आठ-नऊ वर्षांनी लिव्हरमध्ये गाठ निघाली. त्याच डॉक्टरांनी मला एकट्याला बसवून जुनी फाईल पाहिली. तेव्हाची कावीळ कदाचित शरीर विषाणूशी लढायला लागल्याची खूण होती, म्हणाले. पुढं विषाणू तसाच राहिला, पेशींचे धोक्याचे निरोपही थांबले नाहीत. त्या निरोपांनीच लिव्हरची सूज वर्षानुवर्षं धुमसत ठेवली आणि कॅन्सरला जागा झाली.

“कोर्स पूर्ण झाला असता तर?”

“सांगता येत नाही. सगळ्यांना लागू पडत नाही. पण मला विचारायला हवं होतं.”

‘तुमच्यामुळे झालं’ म्हणाले असते तरी चाललं असतं. हे ‘सांगता येत नाही’ कुणापुढं कबूल करू?

बाहेर बाकावर दादाशेजारी बसलेली वहिनी माझी वाट पाहत होती. “यानंच बंद कराले लावलं होतं न ते इंजेक्शन?” ती डॉक्टरांच्या दाराकडे हात करून म्हणाली.

मी होकारार्थी मान हलवली.