दादाचा चहा आणि माझा कंपायलर

मी स्वतः एक टेक्स्ट एडिटर लिहिलाय, हे कुणाशी ओळख झाली की तिसऱ्या मिनिटाला सांगतो. पहिली दोन मिनिटं हवापाण्याला. मजकूर टंकायचं साधं सॉफ्टवेअर. पण त्यातल्या आज्ञा लिहायला माझी स्वतःची छोटी भाषा, आणि त्या झटपट चालाव्यात म्हणून त्या आधीच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवणारा माझाच कंपायलर. रत्नागिरीत असा माणूस मी एकटाच, असा माझा दावा. तो कुणी खोडलेला नाही. तपासायला वेळ कुणाला आहे?

थोरल्या भावाला, दादाला, अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली, तेव्हा हा एडिटर पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला आला. जन्म जहाजावर काढलेला माणूस. आता डाव्या हाताचं एक बोट तेवढं ऐकत होतं. मी एकेका बटणावर एकेक वाक्य बसवलं. बटण दाबलं की लॅपटॉप ते मोठ्याने बोले. पावस गावातल्या घरी ओटीवर मी नाटकाचा पडदा सारावा तसं फडकं ओढून तो दाखवला. दादाने बटण दाबलं. "चहा हवा." वहिनी डोळे पुसत आधण ठेवायला गेली.

पुढे एका आठवड्यात चहा अचानक फारच वाढला.

"भावजी, यंत्र बिघडलंय की तुमचा भाऊ?"

"माझं यंत्र? छे! जहाजावरचा चहाबाज तो, किटलीतच मुरलाय."

दादाने कप उडवला तर आम्ही म्हणालो, साखर कमी पडली. एकदा तो बटण दाबता दाबता रडला. मी साखर घातली.

चहा वाढल्यापासून तिसऱ्या दिवशी त्याला दरदरून घाम फुटला, तेव्हा रत्नागिरीला दवाखान्यात हलवलं.

"छातीत दोन-तीन दिवस तरी दुखत असणार," डॉक्टर म्हणाले. "काही बोलले नाहीत?"

"बोलायचे की," वहिनी म्हणाली. "चहा मागायचे."

बाहेरच्या बाकावर मी लॅपटॉप उघडला. दाबलेल्या प्रत्येक बटणाची त्यात नोंद असते. छातीत दुखतंय. छातीत दुखतंय. छातीत दुखतंय. पानभर.

त्या बटणाची आज्ञा कंपाइल न करता चालवली, तर बरोबर बोलली. कंपाइल केली, की चहा.

आमच्याकडे दोन बागांमध्ये चिऱ्यांचा गडगा असतो. आतली कलमं आपली, पलीकडची शेजाऱ्याची. एका फंक्शनमधलं, म्हणजे आज्ञेच्या एका तुकड्यातलं, व्हेरिएबलही – माहिती ठेवायचं नाव दिलेलं भांडं – असंच आपल्या गडग्याच्या आत राहायला हवं. माझ्या कंपायलरने मात्र जागा वाचवायला सारख्या नावाची व्हेरिएबलं एकाच खणात कोंबली होती. पूर्वी कधी न वापरलेलं वाक्य आलं, की नेहमीचं वाक्य सुचवायला आतलं एक फंक्शन धावे. त्यातल्या व्हेरिएबललाही मी 'वाक्य' हेच नाव दिलेलं. ते दादाचं दुखणं पुसून तिथे चहा ठेवून जाई. वापर मोजला जाई तोही चहाचाच. म्हणून दुखणं कायम कधी न वापरलेलंच राहिलं.

दुरुस्ती एका ओळीची निघाली.

दादा वाचला. पाचव्या दिवशी मी सगळी बटणं त्याला वाजवून दाखवली आणि लॅपटॉप बोटाखाली सरकवला. मग त्याने बटण दाबलं.

"चहा हवा."

"सिस्टर!" वहिनी किंचाळली. "छातीत दुखतंय त्यांच्या!"

सिस्टर धावली, छातीला तारा लावू लागली. मी नोंद पाहिली. बटण चहाचंच होतं.

"वहिनी, खरंच चहा मागतोय तो."

तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. दादाने पुन्हा तेच बटण दाबलं.