गच्चीवरची चटणी

गुरुनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुपारच्या जेवणाला बसलो होतो. त्याचा पुतण्या बसवराज बोलत होता. "काका, आप्पा गेले. जेवून जरा पडले, ते उठलेच न्हाईत." हातातला घास मी तसाच ताटात ठेवला. या गोष्टीला आता दीड महिना झाला. त्याच संध्याकाळी मातीला भवानी पेठेतली निम्मी माणसं आली होती. परतताना मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "किड्यांचं खाणं करणारा तो ह्योच का?" मी वळून म्हणालो, "होय, हाच. आणि ते खाणारा मी."

गुरुनाथची पेठेत बेकरी होती. वडिलांपासून चालत आलेली, अंड्याचा थेंबही नसलेली. घरात शिवभक्ती आणि शुद्ध शाकाहार, त्याच्या गळ्यात इष्टलिंग, घरी कन्नड आणि गल्ल्यावर मराठी. मी मूळचा केम गावचा. नोकरीनिमित्त सोलापुरात आलो आणि बेकरीसमोरच भाड्यानं खोली घेतली. सकाळी चहासोबत खारी घ्यायला जाता जाता ओळख झाली, ती शेवटपर्यंत राहिली.

पाच-सहा वर्षांपूर्वी बसवराजनं शहराबाहेर रेशमाच्या कोषांतून धागा काढायचा छोटा कारखाना टाकला. तो बघायला गुरुनाथ मला घेऊन गेला. गरम पाण्यात कोष सोडतात, धागा उलगडून घेतात आणि शेवटी आतला किडा उघडा पडतो... तपकिरी, बोटाच्या पेराएवढा, उकडून मेलेला. कारखान्याच्या मागं अशा किड्यांचा ढीग होता आणि त्याला भयंकर घाण येत होती. मी नाक दाबून पुढं निघालो, गुरुनाथ मात्र तिथंच थांबला. कारखान्यात आसामकडचं एक जोडपं कामाला आणि राहायला होतं. त्यातली बाई नुकतेच निघालेले ताजे किडे धुऊन, मिरची घालून मोहरीच्या तेलात परतत होती. गुरुनाथ तिच्या दारासमोर बसला आणि मोडक्या हिंदीत विचारू लागला. रोज खाता का, मुलांना देता का, पोटाला कसं असतं? ती हसत हसत सांगत होती. तिच्या आईनं हे खाल्लं होतं, आजीनंही खाल्लं होतं. इथले लोक हे टाकून देतात ते बघून जीव हळहळतो, असंही ती म्हणाली. परत येताना गाडीवर तो म्हणाला, "ह्यो जीव साडीसाठी गेलाच की. गेलेला जीव उकिरड्यावर टाकायचा आन पोरांच्या अंगाला काय लागंना म्हणून रडायचं. हे काय बराबर न्हाय."

महिन्याभरात बेकरीच्या गच्चीवर पत्र्याची खोली उभी राहिली. वेगळी छोटी भट्टी, वेगळी चक्की, वेगळे ट्रे. खालचं भांडं वर जायचं नाही आणि वरचं खाली यायचं नाही, हा त्याचा कडक नियम. ताजे किडे आणायचे, धुवायचे, वाळवायचे, भाजून पीठ करायचं. अडचण एकच होती. चव कोण बघणार? लहानपणी केमच्या रानात मधाचं पोळं सापडलं की आम्ही पोरं ते आतल्या पांढऱ्या अळ्यांसकट चावून खायचो, हे मी त्याला कधीतरी सांगितलं होतं. त्यानं ते लक्षात ठेवलं होतं. "तुझ्या पोटाला सवय हाय," म्हणत पहिलं बिस्कीट त्यानं माझ्या हातावर ठेवलं. मी चावायला लागलो. "ह्यांग ऐती?" घाईला आला की 'कसं आहे' हे तो कन्नडमध्येच विचारायचा. मी म्हणालो, "बरं आहे." तो वैतागला. "बरं म्हंजे काय? कशावानी लागतंय ते सांग." मग मी डोळे मिटून खरं ते सांगितलं, पावसात भिजलेल्या गोणपाटासारखं लागतंय. त्याला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण तो खूश झाला. नक्की कशाच्या मागं लागायचं ते त्याला कळलं होतं.

मग कितीतरी रविवार सकाळचे मी त्या खोलीत स्टुलावर बसून काढले. वाळवायला उशीर झाला की वास धरतो, तेल दाबून काढलं की वास उतरतो, हे सगळं आम्ही असंच शिकलो. एकदा मी विचारलं, "तू एकदा तरी चाखून बघ की. लिंग आड येतं का?" ट्रे सरकवत तो म्हणाला, "तेबी हाय. पण खरं सांगू का... मी खाल्लं तर मला ते आवडावं असंच वाटणार. मग मी सोताशी खोटं बोलणार. तुला खोटं बोलायचं कारण न्हाय."

व्हायचा तो बोभाटा झालाच. बेकरीत अळ्या घालतात, असं पेठभर झालं. टोस्ट, नानकटाई तशीच पडून राहायला लागली. वडिलांनी उभं केलेलं दुकान बंद पडतंय की काय, अशी वेळ आली. त्याची बायको सुवर्णावहिनी तर आधीपासूनच या प्रकाराच्या विरोधात होत्या, गच्चीचा जिना त्या चढल्याच नव्हत्या. माझ्यादेखत त्या म्हणाल्या, "जित्या किड्याला उकडून मारत्यात आन तुमी त्याचं खाणं करता?" गुरुनाथ म्हणाला, "मी मारलं न्हाय. तुझ्या लग्नातल्या साडीसाठीबी असंच मारलेत की." दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातल्या रेशमी साड्या काढल्या, बहिणीला देऊन टाकल्या आणि सांगितलं, "हितनं पुढं मी रेशीम नेसायची न्हाय." बसवराजच्या लग्नातही त्या सुती साडीतच वावरल्या. गुरुनाथ मला म्हणाला, "तिचंबी खरंच हाय. तिनं तिच्यापरीनं सोडवलं."

बेकरीचं त्यानं काय केलं? दारात फळा लावला. 'वर गच्चीवर रेशमाच्या किड्यांवर प्रयोग चालतो. खाली त्यातलं काही येत नाही. भट्टी वेगळी, भांडी वेगळी. बघायचं त्यानं वर येऊन बघावं.' मी म्हणालो, "अरे, उरलेलं गिऱ्हाईकही पळेल." तो म्हणाला, "लपवलं तर पळंल." आणि माणसं खरंच वर आली. कुणी नाकाला पदर लावून, कुणी पोराला कडेवर घेऊन. गुरुनाथ प्रत्येकाला ट्रे दाखवायचा, चक्की दाखवायचा. दोन-तीन महिन्यांत खारीचे डबे पुन्हा दुपारच्या आत रिकामे व्हायला लागले.

बिस्कीट मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. एका रविवारी मी कंटाळून म्हणालो, "गोडाचा नाद सोड. ह्याला तिखट पाहिजे." पुढच्या रविवारी त्यानं भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, लाल तिखट आणि ते पीठ असं सगळं उखळात कुटून ठेवलं होतं. सोबत ज्वारीची कडक भाकरी. त्या दिवशी त्यानं काही विचारलंच नाही. मी न सांगता दुसऱ्यांदा चटणी वाढून घेतली, ते बघून तो नुसता हसला. त्याच्या तोंडावरचं तसलं समाधान मी त्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

चटणी विकायला परवाना हवा म्हणून तो कचेरीत गेला. साहेब भला माणूस होता, पण असल्या पदार्थाला फॉर्मात रकानाच नव्हता. गुरुनाथ हसत परत आला. "रकाना पाडायला येळ लागतो की. तवर कोंबड्या खातील." आणि खरंच, पुढं ते पीठ कोंबड्यांच्या खाद्यात जाऊ लागलं. आसपासच्या बायका येऊन घेऊन जायच्या. चटणी तेवढी आमच्या दोघांत राहिली, म्हणजे तो करणारा आणि मी खाणारा. त्याला कधी याची खंत वाटलेली मी पाहिली नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावून घेतलं. बेकरीत गेलो तर गल्ल्यावरची त्यांची धाकटी पोरगी म्हणाली, आई वर आहे. मी गच्चीवर गेलो. वहिनी त्या खोलीत ट्रे पुसत बसल्या होत्या. पुढ्यात चटणीची अर्धी बरणी. "ही तुमचीच. मला कळंना, टाकू का ठिवू." मी झाकण उघडून चिमूटभर तोंडात टाकली. वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या, म्हणून आपणहून सांगितलं. शेंगा आधी लागतात, मग लसूण, आणि अगदी शेवटी भाजलेल्या तिळासारखं काहीतरी जिभेवर राहतं... ते त्याच्या किड्याचं. त्या सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बसवराजकडची ती आसामची बाई हितं येऊन पीठ करते म्हणतीया. मी त्याला हात लावायची न्हाय. पण ही भट्टी लई हट्टी हाय म्हणायचे, ती कशी पेटवायची ते मला जेवताना सांगत बसायचे. तेवढं दाखवीन." ट्रे भिंतीला उभा करून त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून जरा थांबल्या. "जिना केवढा उभा हाय हो. रोज दोन-दोनदा कसे चढत हुते कुणास ठाऊक. बसवराजला सांगून कठडा करून घेते."