विहिरीचं गुलाबी पाणी

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, पोरांनाही नाही. तुम्ही तरी ऐकून चार ठिकाणी बोलणार नाही कशावरून? रागावू नका — माझा स्वभावच असा आहे. समोरच्यात मी आधी खोट शोधतो. फक्त एका माणसात शोधायची नव्हती, तिथंही शोधली. की शोधल्याचं सोंग केलं? तेच सांगायचं आहे.

पाकिस्तानशी लढाई लागली होती, पासष्ट साली. भिलाईचा कारखाना अजून वाढतच होता. एक भट्टी पेटली की दुसरीचा पाया खणायला घेत. बॉम्ब पडला तर पहिला इथंच, असं जो तो बोलायचा. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावले होते. नवा माणूस दिसला की लोक विचारायचे, कुठले तुम्ही? आता भिलाईत नवा कोण नव्हता हो? आंध्रातले, ओडिशातले, पंजाबातले, आम्ही नागपूरकडचे — सगळेच आलेले. त्यामुळे जो तो दुसऱ्याकडे चोरून बघायचा.

मी शेजारच्याच दुर्गच्या कॉलेजात होतो. वडील रेल्वेत, राहायला रेल्वे क्वार्टर. दोन दारं सोडून कुसुम राहायची, त्याच पावसाळ्यात तिथं राहायला आलेली. तिचे आजोबा पहिल्या महायुद्धात फौजेत होते, तिकडे विषारी वायूत सापडले आणि पुढं जन्मभर खोकत राहिले. तो खोकला ऐकतच ही पोरगी मोठी झाली. लढाई लागल्यावर ती म्हणाली, विषारी वायू नको, रोगाचे जंतू नकोत — त्यांचे नकोत, आपलेही नकोत. एवढंच बोलायचं, पण वस्त्यांमध्ये जाऊन बोलायचं. आम्ही पाच-सहा जण तिच्यामागं निघालो. खरं सांगू? मी तिच्यासाठी निघालो.

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये पहिली सभा घेतली तर लोक आमच्यावरच उलटले. 'आपलेही नकोत' म्हणजे काय? तुम्ही कोणाचे? तिथून पाय काढताना माझी चांगलीच टरकली होती. मग पुढच्या सभेत, कॅम्पातल्या मजूर वस्तीत, मी आपल्या मनानं एक गोष्ट जोडली. म्हटलं, शत्रूचे हेर विहिरीत जंतू टाकतील. कसं ओळखाल? पाण्याचा रंग बदलेल. बदलला की समजा!

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कुठं वाचलंही नव्हतं. जिभेवर आलं आणि बोललो. पण काय सांगू बाप्पा, लोक नुसते कान देऊन बसले! टाळ्या पडल्या. घरी येताना कुसुम चिडली होती. "कावून सांगतं रे असं काही? घाबरवून काय भेटते?" मी हसलो. पुढच्या सभेत पुन्हा तेच सांगितलं.

थोड्या दिवसांनी सकाळी आम्ही संध्याकाळच्या सभेचं सांगायला कॅम्पात गेलो. कुसुम एका गल्लीत, मी दुसऱ्या. विहिरीपाशी गर्दी दिसली, ओरडा ऐकू आला — "पकडो, जहर डाल रहा है!" पुढं गेलो. विहिरीच्या काठावर गणपतकाका उभे होते. हातात बादली, बादलीत गुलाबी पाणी.

गणपतकाका आरोग्य खात्यातले. पावसाळ्यात पटकी येऊ नये म्हणून विहिरींत लाल औषध टाकत फिरायचे. ते आधी बादलीत कालवतात, मग ओततात, आणि पाणी थोडा वेळ गुलाबी होतं. आमच्या क्वार्टरच्या विहिरीवर ते दर वर्षी यायचे. लहानपणी मी त्यांच्या बादलीत काडी फिरवायचो. कॅम्पाची वस्ती नवी, तिथं ते पहिल्यांदाच आले होते. म्हणजे पाण्याचा रंग कशानं बदलतो, हे त्या वस्तीत मला एकट्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी मला पाहिलं. कसा चेहरा उजळला त्यांचा! "दिनू! सांग ना रे बापू यायले! तू तं मले ओळखतं."

सगळे माझ्याकडं वळले. सभेत पुढं बसणारा एक जण म्हणाला, "भैया, आप जानते हैं इसको?"

मी म्हटलं, "नहीं."

का म्हटलं? कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत आलो, की त्या क्षणी मला खरंच शंका आली होती. लढाईचे दिवस, कोण कोणाला विकला गेला काय ठाऊक — असं काहीबाही. खोटं आहे. ओळखतो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता — मग तुमच्या त्या रंगाच्या गोष्टीचं काय? मला तो प्रश्न नको होता. एवढंच.

त्यांना फार मारलं. बादली त्यांच्याच डोक्यावर उपडी केली. पोलीस आले, औषधाचा डबा तपासला, सोडून दिलं. पण डावा कान कायमचा गेला. आणि संध्याकाळी सभेला कधी नव्हे एवढी गर्दी झाली. मी बोललो. हो, त्या संध्याकाळीही बोललो.

कुसुमनं मला विचारलं, "तू ओळखत होता का त्यायले?" तिलाही नाही म्हटलं. तिनं ते काम सोडलं. आपल्याच बोलण्यानं एका निरपराध माणसाला मार बसला, असं ती धरून बसली, आणि मी तिला तसंच धरू दिलं. पुढं तिचं लग्न झालं, ती अकोल्याकडं गेली. अजून तेच धरून असेल.

पुढच्या पावसाळ्यात गणपतकाका आमच्या विहिरीवर आले. आई पाणी भरत होती, मी दारात उभा. वाटलं, आता आईला सांगणार. त्यांनी औषध कालवलं, विहिरीत ओतलं. मग दोर सोडून तेच गुलाबी पाणी वर काढलं आणि ओंजळीनं प्यायले.

"अव्वा! हे कावून पिऊन राहिले भाऊजी?" आई हसत म्हणाली.

त्यांनी उजवा कान पुढं केला. आईनं पुन्हा विचारलं.

"आता सगळीकडं पेतो वहिनी," ते म्हणाले. "पेऊन दाखवलं का मंग कोणाले ओळख विचारा लागत नाही."

माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. तोंड पुसलं, बादली उचलली आणि पुढच्या विहिरीकडं गेले.